रेकॉर्ड होतंय का?

कामाच्या जागी लागणारी परकी भाषा शिकवण्यासाठी हल्ली जी ऑनलाइन चर्चा वापरतात, तिची रचना गावच्या चावडीसारखी असते. फरक एवढाच, की या चावडीवर एका वेळी दोन माणसे सहसा हजर नसतात. पडद्याच्या मधोमध शिक्षकाने एक चित्र किंवा लहानशी चित्रफीत टाकलेली असते: रुग्णालयातली चहापाण्याची खोली, सिंकमध्ये साठलेले उष्टे कप, भिंतीवर ड्यूटीचा तक्ता. कडेने विद्यार्थ्यांचे फोटो. ज्याने त्याने आपल्या सवडीने यावे, चित्र पाहावे, आधीच्यांचे बोलणे ऐकावे आणि माइकवर किंवा कॅमेऱ्यासमोर मिनिटभर आपले म्हणणे नोंदवून जावे. बोलता बोलता चित्रावर रेघोट्याही ओढता येतात. भाषा शिकवणाऱ्यांना या सोयीचे मोठे कौतुक आहे, कारण वर्गात कधी तोंड न उघडणारा विद्यार्थी इथे, कोणी बघत नसताना, तोंड उघडतो. तो ते किती वेळा उघडून परत मिटतो, याची नोंद मात्र कुठेच राहत नाही.

यासाठीची साधने येतात आणि जातात. व्हॉइसथ्रेड २००७ पासून आहे. फ्लिपग्रिड अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जन्मले, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले, पुढे त्याचे नाव नुसते ‘फ्लिप’ झाले आणि जगभरच्या शिक्षकांचा त्यावर हात बसल्यावर २०२४ मध्ये स्वतंत्र साधन म्हणून ते बंद झाले. पॅडलेटची भिंत अजून उभी आहे. महाराष्ट्रात मात्र या सगळ्या नद्या शेवटी व्हॉट्सॲपच्या ग्रुपलाच जाऊन मिळतात. साधन कोणतेही ठरवा, ‘मॅडम, लिंक उघडत नाहीये’ हा निरोप व्हॉट्सॲपवर येतो, त्याचे उत्तर व्हॉट्सॲपवर जाते आणि दुसऱ्या आठवड्यापासून ध्वनिमुद्रणेही तिथेच येऊ लागतात. तिथे २०१३ पासून आवाजी निरोपांची सोय असल्याने मॅडमना हरकत घ्यायलाही जागा राहत नाही.

या पद्धतीचा चांगला नमुना सध्या जर्मन भाषेच्या वर्गांत पाहायला मिळतो. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि पहिल्या टप्प्यात १०,००० जणांना तयार करायचे ठरले: परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर, हॉटेलातली माणसे. तोवर महाराष्ट्रात जर्मन ही मुख्यतः पुण्याची भाषा होती. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवन यांच्या मधल्या पट्ट्यात ती गंभीरपणे शिकली जाई, आणि बाकीच्या शहरात दहावीला गुण चांगले पडतात म्हणून. गुणांसाठी शिकलेल्या भाषेचा एक फायदा असतो: त्या भाषेत समोरून कोणी काही विचारत नाही. परिचारिकेचे तसे नाही. युरोप परिषदेने २००१ साली भाषेच्या ज्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या, त्यांतली चौथी, म्हणजे बी-टू, तिला सहसा चढावी लागते. आणि चढून गेल्यावर वर गटे भेटत नाही. कप कोणी धुतला नाही हे विचारणारी माणसे भेटतात. म्हणून चर्चेचे विषयही तसेच निवडलेले असतात: ड्यूटीची वेळ, आजारपणाची रजा, पाळी बदलताना द्यायची माहिती, साहेबाला नाही म्हणणे.

ध्वनिमुद्रण ही या शिक्षणातली पहिली अडचण आणि पहिली करमणूक. महाराष्ट्रातल्या घरात मिनिटभराची शांतता ही दुर्मीळ वस्तू आहे. विद्यार्थी ती शोधत गोधडीखाली, गच्चीवर, पार्किंगमधल्या बंद गाडीत आणि क्वचित कपाटात जातात. तरी कुकर त्यांना गाठतोच. तिसऱ्या शिट्टीपर्यंत आपले म्हणणे संपवणे हे कौशल्य युरोपीय पायऱ्यांत कुठे नोंदलेले नाही, पण ते सर्वांना येते. बहुतेक मुद्रणे ‘हॅलो, हॅलो, रेकॉर्ड होतंय का?’ या मराठी मंगलाचरणाने सुरू होतात. पलीकडे कोणी नाही हे बोलणाऱ्याला पक्के ठाऊक असते, तरी विचारल्याशिवाय त्याला राहवत नाही. मध्येच ‘कोणाशी बोलतोयस रे?’ असा प्रश्न दाराआडून येतो. त्यावर ‘जर्मनीशी’ असे उत्तर दिले, की आजी आत येऊन कॅमेऱ्यात डोकावतात आणि जेवणाचे विचारतात.

मुद्रण पुसून पुन्हा करण्याची सोय असल्यामुळे ते पुन्हा केले जाते. स्वतःचा आवाज कोणालाच आवडत नाही. शेवटी काही जण सरळ कागदावर लिहून वाचतात. ते ओळखायला फार हुशारी लागत नाही: डोळे डावीकडून उजवीकडे फिरतात आणि वाक्याच्या ऐन मध्यावर पान उलटल्याचा आवाज येतो. मुदत रविवारी रात्री बारापर्यंत असते. सोमवारपासून शनिवारपर्यंत चावडी ओस असते आणि रविवारी साडेदहानंतर तिथे जत्रा भरते.

पहिल्या बोलणाऱ्याला या चर्चेत अवाजवी महत्त्व असते. उष्ट्या कपांच्या चित्राखाली पहिलीने ‘कप गरम पाण्याने धुवावेत’ असे म्हटले, की पुढचे एकोणीस जण ‘माझेही हेच मत आहे’ हे पाठ केलेले जर्मन वाक्य म्हणतात आणि गरम पाण्याला पाठिंबा देतात. यावर दोन उपाय रूढ आहेत. एक म्हणजे प्रत्येकाचे मुद्रण येईपर्यंत बाकीच्यांची लपवून ठेवणे. दुसरा आणि अधिक मजेचा म्हणजे सोंगे वाटून देणे: एक कप टाकून गेलेला, एक मुख्य परिचारिका, एक सफाई कामगार आणि एक सिंकवर पाटी लावणारा. पाटीचे काम पुण्याच्या विद्यार्थ्याकडे गेले, की शिक्षकाला सुधारायला फक्त व्याकरण उरते. ‘तुमची आई इथे नोकरीला नाही’ अशा अर्थाच्या पाट्या जर्मन कार्यालयांच्या चहाखोल्यांतही लागतात. दोन संस्कृतींत इतका मनमोकळा संवाद इतर कोणत्याही धड्यात घडत नाही.

घड्याळाचा धडा मात्र रक्त आटवतो. ड्यूटी ‘हाल्ब आख्ट’ला आहे, असे चित्रफितीतली बाई सांगते. शब्दशः ‘अर्धा आठ’. विद्यार्थी जर्मन शिकतो ती बहुधा इंग्रजीच्या खांद्यावर बसून, आणि इंग्रजी त्याच्या कानात साडेआठ सांगते. खरी वेळ साडेसात, कारण जर्मन माणूस आठव्या तासाचा अर्धा भाग मोजत असतो. वक्तशीरपणाबद्दल प्रसिद्ध असलेल्या देशात पहिल्याच दिवशी तासभर उशिरा पोहोचण्याची ही खात्रीची युक्ती आहे. दक्षिणेत, म्हणजे नेमके बाडेन-व्युर्टेम्बर्गकडे, गुंता आणखी वाढतो. तिथे ‘फिर्टेल आख्ट’ म्हणजे ‘पाव आठ’ असेही म्हणतात. वर्गातले निम्मे ते सव्वाआठ धरतात आणि असते सव्वासात. त्यानंतर येते ‘ड्रायफिर्टेल आख्ट’, ‘पाऊण आठ’, आणि इथे उत्तर जर्मनीतली माणसेसुद्धा डोके खाजवतात.

या जागी चर्चेत हमखास एक मुद्रण येते, बहुधा मराठी शाळेतून आलेल्या मुलीचे. घोटीव जर्मन वाक्य अर्ध्यावर सोडून ती मराठीत उद्गारते: ‘अय्या, हे तर आपलं पावणेआठ!’ ते पावणेआठच असते. येणाऱ्या तासाचे नाव घेऊन त्यातला पाव कमी करण्याची ही रीत मराठी माणूस अंगणवाडीपासून वापरतो. पण पुस्तक इंग्रजीतून असल्यामुळे आपल्याला ती येते हेच त्याला माहीत नसते. त्या एका मुद्रणाखाली मग बाकीच्यांची पावणेआठ-पावणेआठ अशी रांग लागते. सहमतीचा आजार या एका ठिकाणी उपयोगी पडतो.

आकड्यांचेही तसेच. जर्मन माणूस सत्तावन्नला ‘सात आणि पन्नास’ म्हणतो: झीबेन-उंड-फ्युन्फत्सिश. इंग्रजीतून जाणारा विद्यार्थी पन्नास आधी ऐकायला टपलेला असतो आणि सात हातातून निसटतो; रक्तदाबाचा आकडा लिहिताना हे बरे नव्हे. मराठीत सत्तावन्नातला सात पहिल्यापासून पुढेच उभा आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास सात’ अशी सुटसुटीत रीत आली, तेव्हा विधिमंडळापर्यंत वाद पोहोचला होता. त्या वादात भाषेचे सौंदर्य, मुलांची सोय, जोडाक्षरांची भीती, सगळे निघाले. पुढेमागे या मुलांना श्टुटगार्टला रक्तदाब मोजावा लागेल, हा मुद्दा मात्र कोणाला सुचला नाही.

श्टुटगार्टचा उल्लेख निघाला, की तिथल्या श्वेबिश बोलीकडे वळावे लागते. परीक्षेची जर्मन ही बातम्या देणाऱ्यांची जर्मन असते. त्या भागातले म्हातारे रुग्ण ती बोलत नाहीत, जसे कोकणातले आजोबा आकाशवाणीची मराठी बोलत नाहीत. म्हणून जाणते शिक्षक चर्चेत बोलीतली छोटी मुद्रणे टाकतात आणि ‘रुग्णाला काय हवे आहे?’ एवढाच प्रश्न विचारतात. एक आजोबा थंडी वाजते म्हणून ‘टेपिश’ मागतात. पुस्तकाप्रमाणे टेपिश म्हणजे गालिचा. वर्गातले आज्ञाधारक विद्यार्थी आजोबांच्या पलंगाखाली गालिचा अंथरतात. दोघे-तिघे हा रुग्ण भ्रमिष्ट झाल्याचे डॉक्टरांना कळवतात. त्या बोलीत टेपिश म्हणजे पांघरायचे ब्लँकेट. दुसऱ्या मुद्रणात सहकारी म्हणते, ‘जरा हेबेन कर.’ पुस्तकात हेबेन म्हणजे उचलणे, तिच्या तोंडी नुसते धरून ठेवणे. उचलण्यासाठी तिच्याकडे ‘लुपफेन’ हा वेगळा शब्द आहे. रुग्णाला आधार द्यायचा असताना तो उचलला गेला, तर दोघांच्याही कमरेचा प्रश्न उद्भवतो.

तिसरे मुद्रण शरीराचे. रुग्ण म्हणते, ‘माझा फूस दुखतो.’ शुद्ध जर्मनमध्ये फूस म्हणजे घोट्याखालचे पाऊल. वरच्या भागाला बाइन. इंग्रजी माध्यमाची मुले तत्परतेने चित्रातल्या पावलाभोवती लाल वर्तुळ काढतात. पण श्वेबिश फूस कमरेपासून सुरू होऊन अंगठ्यापाशी संपतो. उत्तरेकडून बदलून आलेले जर्मन डॉक्टरही इथे फसतात म्हणतात. मराठी मनाने ऐकणाऱ्याला यात नवल काहीच नाही. मराठीत ‘पाय दुखतो’ म्हटल्यावर, कुठे ते विचारल्याशिवाय, कोणता वैद्य तेल लावायला घेतो? ‘पाय म्हणजे नक्की कुठे?’ हा प्रश्न जर्मनमध्ये विचारायला शिकवणे हा खरा धडा, आणि तो घरी वर्षानुवर्षे ऐकलेला असल्यामुळे लगेच तोंडात बसतो.

संबोधनात मात्र मराठी संस्कार दगा देतात. तू आणि तुम्ही यांच्याशी जुळणारे ‘डू’ आणि ‘झी’ जर्मनमध्ये आहेत, त्यामुळे सुरुवात झोकात होते. सहकाऱ्यांत बहुधा डू, रुग्णांशी झी, एवढे पाठ होते. पण चित्रात ऐंशीच्या घरातली बाई दिसली, की वर्गातल्या सगळ्या मुली विरघळतात आणि तिला ‘ओमा’, म्हणजे आजी, म्हणू लागतात. महाराष्ट्रातल्या वॉर्डात ‘आजी, गोळी घेतली का?’ म्हणणारी सिस्टर गुणी समजली जाते. जर्मनीत मात्र हा आगाऊपणा ठरतो. बाईंना आडनावाने ‘फ्राउ अमुक’ म्हणायचे असते. परक्या आजीला आजी म्हणायचे नाही, हे पचायला तीन-चार चर्चा जातात. त्या आजी स्वतः मात्र परिचारिकेला ‘श्वेस्टर’, म्हणजे सिस्टरच, म्हणत राहतात. २०२० पासूनच्या कायद्याने या पेशाचे नाव बदलून ‘फ्लेगेफाखफ्राउ’ झाले आहे. वेदना होत असताना एवढा शब्द उच्चारणारा रुग्ण विरळा.

आजारपणाची रजा मागण्याचा सराव हा या चर्चांचा नाट्यमहोत्सव म्हणता येईल. काम साधे असते: सकाळी वॉर्डात फोन करा, येऊ शकत नाही असे सांगा, किती दिवस ते सांगा. जर्मन कायद्यात आजार काय हे साहेबाला सांगण्याची सक्ती नाही. आजारपण तीन दिवसांहून लांबले, तर डॉक्टरचा दाखला लागतो; साहेब तो आधीही मागू शकतो, आणि २०२३ पासून सरकारी विमा असलेल्यांचा दाखला संगणकावरूनच साहेबापर्यंत जातो. दोन वाक्यांत आटोपणारी गोष्ट. पण मराठी विद्यार्थ्याला कायद्यापेक्षा अनुभवाचा आधार वाटतो, आणि अनुभव सांगतो की तपशिलाशिवाय रजा मंजूर होत नाही. म्हणून काल रात्री खाल्लेल्या वड्यांपासून कथा सुरू होते, पहाटेपर्यंत पोटातल्या घडामोडी क्रमाने येतात आणि आईने दिलेल्या काढ्यापाशी मिनिट संपते. रजेचे दिवस सांगायचे राहून जातात. शिवाय हे सर्व खोल गेलेल्या आवाजात, मधून मधून खोकत. पोट बिघडल्यावर खोकला कशाला, असे विचारले तर फोनवर आजारी वाटले पाहिजे, हे उत्तर ठरलेले. गुणपत्रिकेत उच्चार, व्याकरण आणि शब्दसंपदा असे रकाने असतात. खोकल्याला गुण नाहीत, ही या पद्धतीतली उणीवच म्हणायची.

याहून अवघड म्हणजे नाही म्हणणे. जर्मन रुग्णालयांत माणूस कमी पडला, की सुट्टीवर असलेल्या परिचारिकेला फोन येतो आणि येशील का, असे विचारले जाते. या बदलीच्या कामाला ‘आइनश्प्रिंगेन’, म्हणजे उडी घेणे, असा सूचक शब्द आहे. चर्चेत मुख्य परिचारिकेचा फोन ऐकवतात आणि नम्रपणे नकार द्यायला सांगतात. वीस मुद्रणांत स्पष्ट नकार एक-दोन निघतात, तेही व्याकरणाच्या चुकीने. बाकीच्यांत ‘बघते’, ‘सांगते’, ‘प्रयत्न करते’ यांची जर्मन रूपे येतात. महाराष्ट्रात ‘बघतो’ हा नकार असतो, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असल्यामुळे व्यवहार सुरळीत चालतो. जर्मन मुख्य परिचारिका मात्र ‘प्रयत्न करते’ ऐकून धन्यवाद म्हणते आणि तक्त्यात नाव लिहून मोकळी होते. ज्यांना नकार द्यावासा वाटतो त्या कारणाच्या शोधात निघतात: मावसबहिणीचा साखरपुडा, गावची जत्रा, आजीचे मोतीबिंदू. शिक्षक लिहितात, ‘कारण देण्याची गरज नाही.’ त्यावर मुलींची प्रतिक्रिया अशी, की नुसते ‘नाही’ म्हटले तर बरे दिसत नाही.

पाळी बदलताना द्यायच्या माहितीचा धडा थोडक्यात आटोपतो. मिनिटाची मर्यादा तिथे आपोआप वळण लावते. कौतुकाच्या धड्याला तर शिकवावेच लागत नाही. शिव्या दिल्या नाहीत म्हणजे पुरेसे कौतुक झाले, असे श्वेबिश लोक म्हणतात. पुरणपोळीला ‘बरी झालीय’ एवढी शाबासकी मिळालेल्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांना त्यात परदेश वाटत नाही.

या सगळ्यात शिक्षकाचे काम ऐकण्याचे. वीस विद्यार्थी, प्रत्येकी दोन मुद्रणे, म्हणजे चाळीस मिनिटे. ती थांबवत, मागे नेत, टिपणे काढत ऐकली तर दोन तास. उच्चारांसाठी याला पर्याय नाही, कारण वर्गात निसटलेला स्वर इथे पुन्हा ऐकवता येतो. ‘त्सिमर’, म्हणजे खोली, यातला पहिला आवाज हिंदीभाषक विद्यार्थ्यांना छळतो; ‘चूल’ आणि ‘चमचा’ म्हणत वाढलेल्यांना तो फुकट मिळालेला असतो. उलट ‘क्युशे’ म्हणजे स्वयंपाकघर आणि ‘कूखेन’ म्हणजे केक यांत गल्लत होते आणि एखादी मुलगी केकमध्ये जाऊन कप धुते. यावर शिक्षकही आवाजातच उत्तर देतात. त्यांच्या घरीही कुकर असतोच.

मुद्रणाचा शेवट हा मात्र ऐकण्यासारखा भाग. जर्मन फोन ‘च्युस’ म्हटले की संपतो. मराठी फोनला ‘बरं’, ‘चला मग’, ‘ठेवू?’, ‘हां, ठेवा’ अशा चार पायऱ्या उतराव्या लागतात, आणि पलीकडे कोणी नसले तरी विद्यार्थी त्या उतरतात. त्यानंतर लाल बटण दाबायचे राहून जाते. परीक्षेची भीती गेलेली असते, कागद खाली पडलेला असतो, खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, आणि मग अत्यंत अस्खलित, निर्दोष आणि भावपूर्ण भाषेत ऐकू येते: ‘झालं एकदाचं! आई, वाढ गं.’